समुद्रातील पिंजरा-मत्स्यपालनासाठी जागा कशी निवडावी? कोकण किनाऱ्यापुरते वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंजऱ्याची किंमत किती, अनुदान किती मिळते आणि मासा कोणता लावावा, हे तीन प्रश्न सर्वांत आधी विचारले जातात. जागेची चौकशी बहुतेक वेळा पिंजरा गावच्या जेटीवर येऊन पडल्यानंतर सुरू होते. हा क्रम उलटा व्हावा, या हेतूने पुढील प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. ती प्रामुख्याने पालघर ते सिंधुदुर्ग आणि गोवा या पट्ट्याला लागू पडतात. पूर्व किनाऱ्यावरचा अनुभव इथे जसाच्या तसा चालत नाही, आणि त्याचे कारण दुसऱ्याच उत्तरात येईल.

पिंजरा म्हणजे नेमके काय, आणि त्याच्या जागेचा एवढा विचार का करायचा?

समुद्रात सध्या प्रचलित असलेल्या पिंजऱ्यात एचडीपीई (एक टिकाऊ प्लास्टिक) किंवा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइपांचे तरंगते गोल कडे असते. त्याला मासळी ठेवण्याचे आतले जाळे, शिकारी माशांना अडवणारे बाहेरचे जाळे आणि वरून पक्ष्यांसाठी ताणलेले जाळे लावलेले असते, आणि हे सगळे नांगर व साखळ्यांनी एका जागी धरून ठेवलेले असते. भारतात केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्थेने २००७ साली विशाखापट्टणमजवळच्या खुल्या समुद्रात १५ मीटर व्यासाचा पिंजरा टाकून या प्रकाराची सुरुवात केली. पुढे सामान्य मच्छीमाराला हाताळता यावा म्हणून ६ मीटर व्यासाचा पिंजरा रूढ झाला. व्यास ६ मीटर आणि जाळे ४ मीटर खोल धरले, तर आत सुमारे ११३ घनमीटर पाणी मावते.

या पाण्यात हवा सोडणारे यंत्र नसते आणि माशांची विष्ठा किंवा उरलेले खाद्य काढून टाकण्याची सोयही नसते. तळ्यात पाणी खराब झाले तर ते बदलता येते, चुना टाकता येतो, एरेटर चालवता येतो. पिंजऱ्यात यातले काहीही शक्य नसल्यामुळे प्राणवायू आणणे आणि घाण वाहून नेणे ही दोन्ही कामे त्या जागेच्या पाण्यावरच सोपवलेली असतात.

कोकणात जागा पाहताना सर्वांत आधी काय तपासावे?

जून महिन्यात या पिंजऱ्याचे काय करणार, हे आधी ठरवावे. खोली, प्रवाह, क्षारता हे सगळे महत्त्वाचे असले, तरी फेब्रुवारीच्या शांत सकाळी होडीतून पाहिलेली जवळजवळ प्रत्येक जागा चांगलीच दिसते, आणि फसगत होते ती नेमकी इथे.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात कोकणच्या खुल्या किनाऱ्यासमोर लाटांची उंची ४ मीटरपर्यंत सहज पोहोचते, आणि तीही एखाद्या वादळापुरती नव्हे, तर जून-जुलैत आठवडेच्या आठवडे समुद्र खवळलेला राहतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते ती माशांच्या प्रजननासाठी, हे खरे. पण होडी बाहेर काढणेच अवघड असलेल्या या दिवसांत खाद्य टाकायला पिंजऱ्यापर्यंत जाणार कोण, हा साधा प्रश्नही तितकाच खरा आहे. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे आणि वादळांचे वेळापत्रक वेगळे आहे. त्यामुळे तमिळनाडू किंवा आंध्र प्रदेशातले यशस्वी वेळापत्रक इथे उचलून आणता येत नाही.

यावर मार्ग तीनच आहेत. पहिला, ऑक्टोबरमध्ये बीज सोडून मेच्या मध्यापर्यंत सगळी मासळी काढायची आणि पिंजरा किनाऱ्यावर ओढून ठेवायचा. दुसरा, पावसाळ्यापुरता पिंजरा ओढत खाडीत न्यायचा. पण मग खाडीचे गोडे होत जाणारे पाणी सोसणारा मासाच निवडावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून भूशिराचा किंवा बेटांचा खरा आडोसा असलेला उपसागर शोधायचा. कारवारचा उपसागर याचे जवळचे उदाहरण आहे. डोंगर आणि बेटे यांच्या आडोशामुळेच तिथे समुद्री पिंजऱ्यांचे काम उभे राहू शकले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असा नैसर्गिक आडोसा फार थोड्या ठिकाणी आहे, आणि जिथे आहे तिथे आधीपासूनच बंदर, जेटी किंवा होड्यांचा नांगरवाडा असतो. म्हणून माझे मत असे की नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला मार्ग धरावा, आणि जागा आठ महिन्यांसाठी निवडत असलो तरी दोन्ही टोकांच्या महिन्यांचा विचार अधिक करावा.

म्हणजे ऑक्टोबर ते मे हा काळ पूर्ण सुरक्षित समजायचा का?

नाही. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात, म्हणजे नेमकी पिंजरा पाण्यात असताना. फयान वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आले, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये कोकणासमोरून गेले, निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि तौक्ते मे २०२१ मध्ये संपूर्ण कोकण किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातकडे गेले.

त्यामुळे ओढत नेता येईल इतक्या अंतरावर आसऱ्याची खाडी असणे, ही जागेची अट म्हणूनच लिहून ठेवावी. मासळीसह पिंजरा ओढायचा तर वेग ताशी दीड-दोन किलोमीटरच्या वर नेता येत नाही, कारण त्यापुढे जाळे मागे फुगते आणि मासळी त्यात चेपली जाते. हिशेब केला तर खाडीचे मुख ८ किलोमीटरवर असेल तेव्हा चार ते सहा तास लागतात, शिवाय मुखावरचा वाळूचा पट्टा भरतीच्या वेळीच ओलांडता येतो. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज आधी देते. परंतु दोन दिवस आधी मिळालेला इशारा उपयोगी पडण्यासाठी जायची जागा आधीच ठरलेली असावी लागते.

लाटांचा आडोसा कोणत्या दिशेने पाहावा?

फक्त नैर्ऋत्येकडून पाहणे पुरेसे नाही. डिसेंबर ते मार्च या काळात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून कोकणापर्यंत पोहोचतात, आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचा खारा वाराही साधारण त्याच बाजूने जोर धरतो. परिणामी भूशिराच्या उत्तर बाजूची जागा पावसाळ्यात काहीशी झाकलेली, पण जानेवारीत उघडी पडलेली असते. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत अधूनमधून दूरच्या दक्षिण महासागरातून लांब पल्ल्याच्या लाटाही येतात. त्या दिवशी किनाऱ्यावर वाराही नसतो, पण उथळ पाण्यात आल्यावर त्या अचानक उंच होतात. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या तीन-चतुर्थांशांच्या आसपास गेली की लाट फुटते. म्हणून खडपांच्या आणि बुडालेल्या वाळूच्या उंचवट्याच्या जवळची जागा वरून कितीही शांत दिसली तरी टाळावी.

लहान पिंजऱ्यासाठी नेहमीच्या दिवसांत लाट १ मीटरच्या आत असावी, असा ठोकताळा आहे. पिंजरा याहून मोठी लाट सोसतो, पण त्यात माणसाला काम करता येत नाही आणि हेलकाव्यांनी घाबरलेला मासा खात नाही. त्या गावातल्या वयस्क मच्छीमाराला ‘इथे कोणत्या महिन्यात होडी लावत नाही?’ असा एकच प्रश्न विचारला, तर यंत्राने आठवडाभर मोजून मिळणार नाही इतकी माहिती मिळते.

खोली किती हवी आणि ती मोजायची कशी?

सर्वांत खालच्या ओहोटीलाही जाळ्याचा तळ आणि समुद्राचा तळ यांत भरपूर मोकळे पाणी राहिले पाहिजे. किमान २ ते ३ मीटर अंतर आवश्यक मानले जाते. माझा आग्रह असा की जाळे जितके खोल, जवळपास तितकेच पाणी त्याच्याखाली असावे. ४ मीटरच्या जाळ्यासाठी याचा अर्थ ओहोटीला ८ ते १० मीटर खोली असा होतो. फार खोल जागा मात्र खर्च वाढवते, कारण साखळी खोलीच्या किमान तिप्पट लांब घ्यावी लागते आणि नांगराची दुरुस्ती करायला पाणबुड्याला तिथवर उतरावे लागते.

मोजताना नेहमी होणारी चूक भरती-ओहोटीच्या हिशेबात असते. दोरीला वजन बांधून एका दुपारी मोजलेली खोली ही त्या क्षणाची असते. समजा रत्नागिरीजवळ दोरीने ११ मीटर खोली मिळाली, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यानुसार त्या वेळी पाण्याची उंची १.८ मीटर होती, तर हिशेबाची खोली ९.२ मीटर धरायची. देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे सागरी नकाशे खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून देतात, त्यामुळे नकाशातला आकडा वापरताना ही वजाबाकी पुन्हा करायची नसते. उत्तरेकडे ही खबरदारी जास्त घ्यावी लागते, कारण मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ ते ५ मीटरपर्यंत जातो, तर सिंधुदुर्ग-गोव्याकडे तो साधारण निम्म्यावर येतो. पाहणी भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याच्या दिवशी न करता अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या उधाणाच्या ओहोटीला करावी.

पाण्याचा प्रवाह किती असावा?

सेकंदाला १० ते ५० सेंटिमीटर हा प्रवाह सोयीचा समजला जातो. सेकंदाला १० सेंटिमीटरने वाहणारे पाणी ६ मीटरचा पिंजरा एका मिनिटात पार करते, निदान जाळे स्वच्छ असेपर्यंत. प्रवाह ५ सेंटिमीटरच्याही खाली गेला की भरती आणि ओहोटीच्या मधल्या स्तब्ध वेळेत प्राणवायू घटतो, आणि घाण पिंजऱ्याच्या थेट खालीच बसते. उलट टोकाला, प्रवाह दुप्पट झाला की जाळ्यावरचा ताण चौपट होतो. सेकंदाला १ मीटरच्या आसपास जाळ्याचा तळ वर उचलला जातो, आतली जागा आक्रसते, आणि मासा वाढण्यावर खर्च करायची शक्ती नुसते पोहत राहण्यावर घालवतो.

महागडे यंत्र नसले तरी मोजणी अडत नाही. प्लास्टिकची बाटली गळ्याशी थोडी हवा राहील इतकी पाण्याने भरावी, म्हणजे ती जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते आणि तिला वारा लागत नाही. तिला १० मीटर दोरी बांधून नांगरलेल्या होडीवरून सोडावी आणि दोरी ताणली जाईपर्यंतचे सेकंद मोजावेत. १०० सेकंद लागले तर प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर, २० सेकंद लागले तर ५० सेंटिमीटर. अशी नोंद एका पूर्ण भरती-ओहोटीभर दर अर्ध्या तासाने घ्यावी, आणि ती एकदा उधाणाला व एकदा भांगाला घ्यावी. उधाणात जास्तीत जास्त ओढ कळते आणि भांगात कमीत कमी.

तळ कसा असावा?

वाळू आणि चिखल मिसळलेला, किंवा खडीयुक्त वाळूचा सपाट तळ चांगला. नांगर म्हणून टाकलेली, दगड भरलेली गॅबियन पेटी किंवा काँक्रीटचा ठोकळा अशा तळात थोडा रुतून घट्ट बसतो. कातळावर तो सरकतो आणि साखळी घासून झिजते. निव्वळ मऊ गाळ असेल तर नांगर धरतो, पण तिथे गाळ साचतो याचाच अर्थ पाणी संथ आहे, आणि वरून येणारी विष्ठाही तिथेच साचणार. दोरीच्या वजनाला खाली साबण किंवा ग्रीस चोपडून सोडले की तळाचा नमुना चिकटून येतो, ही जुन्या खलाशांची युक्ती आजही उत्तम चालते. तो नमुना काळा असेल आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर ती जागा सोडून द्यावी.

पाण्याची प्रत तपासताना कोणते आकडे पाहावेत?

विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर, सामू ७.८ ते ८.४, तापमान २६ ते ३१ अंश सेल्सिअस आणि अमोनिया अगदी नगण्य, म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावा. क्षारता माशावर अवलंबून असते. खुल्या समुद्रात ती हजारी ३० ते ३५ भाग असते आणि तिथे काळजीचे कारण सहसा नसते. खाडीच्या मुखाशी मात्र ती दिवसभरात वरखाली होते.

हे आकडे पुस्तकात सापडतात, आणि एका दिवसाच्या नमुन्यात ते बहुधा बरोबरही येतात. महत्त्वाचे आहे ते नमुना कधी आणि कोणत्या खोलीवर घेतला हे. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, त्यामुळे सकाळी दहानंतर घेतलेला नमुना दिलासा देतो पण माहिती देत नाही. पाणी पृष्ठभागावर, जाळ्याच्या तळाच्या पातळीवर आणि समुद्रतळापासून १ मीटर वर, अशा तीन ठिकाणी तपासावे.

गढूळपणाच्या बाबतीत आपला किनारा एकसारखा नाही. पालघर, मुंबई आणि रायगडच्या उत्तर भागात भरतीची ओढ तीव्र आणि तळ चिखलाचा असल्यामुळे पाणी बहुतेक वेळ गढूळ असते. सिंधुदुर्गात पावसाळा सोडला तर ते पुष्कळ स्वच्छ असते. बारीक गाळ माशाच्या कल्ल्यांना त्रास देतो आणि जाळ्याच्या आसांत बसतो. पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे महिन्यातून दोनदा टिपले तरी पुरते. औद्योगिक वसाहतीचे किंवा शहराचे सांडपाणी येणाऱ्या खाडीच्या मुखापासून लांब राहावे, आणि ओहोटीबरोबर ते पाणी कोणत्या दिशेला वळते हे एकदा प्रत्यक्ष पाहावे. किनाऱ्यावरून मोजलेले अंतर इथे दिशाभूल करते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या ‘मेलेल्या पाण्या’बद्दल ऐकले आहे. ते काय असते?

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या काळात खोल समुद्रातले थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडच्या उथळ पट्ट्यात तळालगत सरकते. वरती पावसाने आणि नद्यांनी आणलेल्या गोड्या पाण्याचा हलका थर असल्याने दोन्ही थर मिसळत नाहीत, तळच्या पाण्याला वरून हवा मिळत नाही, आणि पावसाळा संपता संपता तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवरच्या एका ठरलेल्या ठिकाणी गेली अनेक वर्षे नियमित मोजणी करत आली आहे, आणि हे चक्र तिथे वर्षानुवर्षे दिसते. वारा पडला आणि समुद्र पुन्हा ढवळला गेला की परिस्थिती सुधारते.

पिंजऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बीज सोडण्याची घाई सप्टेंबरमध्ये करू नये, आणि त्या जागेचा तळाजवळचा प्राणवायू सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला मोजावा. जी जागा या तीन आठवड्यांत टिकते, ती पुढे सहसा दगा देत नाही. मार्चमध्ये पाहणी करून मेमध्ये अहवाल लिहिला, तर हा काळ त्यात येतच नाही. जागेच्या अहवालात सप्टेंबरची पाने नसतील, तर तो अहवाल अपुरा समजावा.

याच सुमारास आणि पुढे हिवाळ्यात नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाचे थर येतात. रात्री निळसर चमकणारे पाणी पाहायला पर्यटक गर्दी करतात. पिंजरेवाल्याने मात्र त्या रात्री झोपू नये, कारण हे थर मरून कुजू लागले की प्राणवायू घटतो. एखाद्या वळणदार उपसागरात वाऱ्याने असे थर आणि जेलीफिशचे थवे आत ढकलले जाऊन अडकतात का, हेही गावात विचारून घ्यावे.

खाडी बरी की खुला समुद्र?

उत्तर माशावरून येते. जिताडा, म्हणजे गोव्यातला चणक, गोड्यापासून पूर्ण खाऱ्यापर्यंत सगळे पाणी सोसतो. रायगडच्या खारेपाटात तो पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांत वाढवला गेला आहे. म्हणून खाडीतल्या पिंजऱ्यासाठी तो पहिली निवड ठरतो, आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतही खाडीतल्या पिंजऱ्यांत तो लावला जातो. कोबिया, ज्याला मुंबईकडे सकला आणि गोव्याकडे मोडसो म्हणतात, त्याला जवळजवळ पूर्ण खारे, स्वच्छ आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते; अशा पाण्यात तो ७-८ महिन्यांत अडीच-तीन किलोपर्यंत जातो, म्हणजे आपल्या ऑक्टोबर-मेच्या हंगामात नेमका बसतो. सिल्व्हर पाँपानो क्षारतेच्या बाबतीत या दोहोंच्या मधला आहे. कोबियाचे प्रजनन मंडपम येथे २०१० मध्ये आणि पाँपानोचे २०११ मध्ये साध्य झाले, पण बीजाचा मोठा भाग आजही तमिळनाडूकडूनच यावा लागतो. एवढ्या प्रवासानंतर बोटुकली लगेच पाण्यात सोडता यावीत म्हणून टँकर थेट जेटीपर्यंत येईल असा रस्ता हवा.

खाडीत लाटांचा त्रास नाही, राखण सोपी असते आणि खर्च कमी येतो. पण जुलैमध्ये वरचे पाणी जवळजवळ गोडे आणि तळचे निमखारे असे दोन थर होतात, गाळ येतो, झाडांचे ओंडके वाहत येऊन जाळ्यावर आदळतात. खाडीतल्या जागेचे मुख्य प्रवाहाच्या वळणाच्या आतल्या बाजूला असणे यासाठी हिताचे ठरते; मात्र तिथेच गाळ साचून खोली कमी होते, हाही तोटा लक्षात ठेवावा.

स्थानिक मच्छीमारांचा विरोध होऊ नये म्हणून जागा कशी पाहावी?

समुद्र मोकळा दिसत असला तरी तो मोकळा नसतो. सिंधुदुर्ग आणि गोव्यात रापण ओढली जाते; किनाऱ्यावरून निघून अर्धवर्तुळात जाळे टाकत पुन्हा किनाऱ्याला येण्यासाठी रापणकरांना खडक आणि दोऱ्या नसलेला स्वच्छ पट्टा लागतो, आणि तिथे एक नांगराची साखळी जरी आली तरी संपूर्ण रापण फाटू शकते. उत्तरेकडे डोलीचे, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत लावायच्या पिशवीसारख्या जाळ्याचे खुंट ठरलेल्या जागी ठरलेल्या कुटुंबांचे असतात. हीच चिन्हे पाण्याबद्दलही सांगतात: डोल लागते तिथे भरतीची ओढ जबरदस्त असते, म्हणजे ती जागा पिंजऱ्याला तशीही नको, रापण चालते तिथे तळ वाळूचा आणि सपाट असतो, म्हणजे जागा चांगली, पण ती दुसऱ्याच्या हक्काची.

म्हणून नकाशावर आधी होड्यांच्या येण्याजाण्याचा मार्ग, रापणीचा पट्टा, डोलीचे खुंट, शिणाणे आणि कालवे काढण्याची खडपे आणि देवाच्या होडीचा मार्गही काढून घ्यावा, आणि मग जे उरेल त्यात पिंजरा बसवावा. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत हा नकाशा मांडून लेखी ठराव घेतल्याशिवाय नांगर टाकू नये. पिंजऱ्यात संस्थेच्या सभासदांचाच वाटा असेल तर राखणीचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो, असे मला वाटते.

कोणत्या परवानग्या लागतात आणि कुठे जागा मुळीच मिळत नाही?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे, आणि सुरुवात जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातून करावी. किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा मूळ कायदा २००५ चा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने पिंजरा-संवर्धनासारखे प्रकारही त्याच्या कक्षेत आले. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत समुद्राचे पाणी आणि भरतीच्या प्रभावाखालच्या खाड्या चौथ्या वर्गात मोडतात. महाराष्ट्र सागरी मंडळाकडून नौकानयनाच्या मार्गाबाबत आणि बंदराच्या हद्दीबाबत खात्री करून घ्यावी लागते.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालेले असून त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. तिथे, तसेच प्रवाळ, कांदळवने आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांसमोर जागा शोधण्यात वेळ घालवू नये. कासवे जाळ्यात अडकतात, आणि ती अडकली तर दोष पिंजऱ्याकडेच येतो. नौदलाची क्षेत्रे, समुद्रातल्या नळवाहिन्या आणि केबलचे पट्टेही सागरी नकाशात दाखवलेले असतात.

किनाऱ्यापासून किती अंतरावर पिंजरा असावा?

रोज दोनदा खाद्य घेऊन जाता येईल आणि किनाऱ्यावरून रात्री दिवा दिसेल इतका जवळ. लाटा फुटण्याच्या पट्ट्यापासून आणि गावच्या सांडपाण्यापासून मात्र पुरेसा लांब. कोकणात ८ ते १० मीटर खोली बऱ्याच ठिकाणी दोन-तीन किलोमीटरच्या आत मिळते. जेटी, बर्फ, रस्ता आणि राखणदाराला थांबायला जागा, या चारही गोष्टी त्या अंतरात आहेत का ते पाहावे.

एका जागी किती पिंजरे लावावेत?

पहिल्या वर्षी दोन किंवा तीन. एका पिंजऱ्यातून निघालेले पाणी थेट दुसऱ्यात जाऊ नये म्हणून रांग प्रवाहाला आडवी ठेवावी आणि दोन पिंजऱ्यांत निदान एका व्यासाइतके अंतर सोडावे. शेजारच्या प्रकल्पापासून तर काही शे मीटर लांब राहावे. हंगामानंतर तळाचा नमुना पुन्हा काढावा. तो काळा पडू लागला असेल तर पुढल्या वर्षी पिंजरे बाजूला सरकवता यावेत, म्हणून परवानगी मागतानाच जागेचा आकार थोडा मोठा मागावा.

अनुदानासाठी जागेची कोणती अट असते?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत १०० ते १२० घनमीटरच्या समुद्री पिंजऱ्यासाठी ५ लाख रुपये खर्च धरलेला होता, आणि त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्य असे प्रमाण होते. जागेची योग्यता आणि परवानगी यांची कागदपत्रे जोडावी लागतात. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची स्थिती जिल्हा कार्यालयातच विचारावी.

उपग्रहाच्या नकाशावरून घरबसल्या जागा ठरवता येते का?

दहा जागांतून सात बाद करता येतात. भूशिराचा आडोसा, गढूळ पाण्याचा पट्टा, खाडीमुखाची वाळू हे सगळे पावसाळ्यानंतरच्या चित्रांत चांगले दिसते. उरलेल्या तीन जागांसाठी होडी लागतेच. तळाचा प्रकार, जाळ्याच्या खोलीवरचा प्रवाह आणि पहाटेचा प्राणवायू वरून दिसत नाही. तसेच केंड मासे जाळी कुरतडतात का, हेही दिसत नाही. हा त्रास सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांना चांगलाच ठाऊक आहे, आणि ज्या ठिकाणी गिलनेट सतत फाटून येतात तिथे पिंजऱ्याचे बाहेरचे जाळे जाड घ्यावे लागते किंवा जागाच बदलावी लागते.

पाहणीला एकूण किती काळ द्यावा?

एक पूर्ण वर्ष देता आले तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान चार भेटी ठरवाव्यात: सप्टेंबरच्या अखेरीस प्राणवायूसाठी, जानेवारीत वायव्येच्या लाटांसाठी, एप्रिल-मेमध्ये उष्ण पाणी आणि दुपारच्या वाऱ्यासाठी, आणि जुलैमध्ये केवळ किनाऱ्यावर उभे राहून पाहण्यासाठी. या शेवटच्या भेटीला खर्च काहीच येत नाही. भूशिरावर छत्री घेऊन अर्धा तास थांबावे आणि आपण निवडलेल्या ठिकाणी लाट फुटते की नुसती उचलून खाली बसते, हे पाहावे. फुटत असेल तर मेच्या मध्यापर्यंत पिंजरा बाहेर काढण्याची तारीख कागदावर पक्की करूनच पुढचे पाऊल टाकावे, आणि ती तारीख साधत नसेल तर दुसरी जागा पाहावी.